दाजी अजून साक्षीत आहेत

माझे दाजी माझ्याशी बोलतात. अबोला वगैरे काही नाही. सामरवरणीला त्यांच्या घरी गेलो की दारातच म्हणतात, "या वकीलसाहेब," आणि पंखा माझ्याकडे वळवतात. मग दमणगंगेचं पाणी, नरोली रोडवरचे खड्डे, सोसायटीच्या टाकीत सापडलेलं कबुतर, सगळं निघतं. फक्त सिंगापूरचा विषय आला की ते ट्रॅफिकवाल्यासारखा हात वर करतात.

"नाही बाबा. मी अजून साक्षीत आहे. मला कुणी सोडलेलं नाही."

ताई हसते. तिला तो विनोद वाटतो. माझ्या बायकोची समजूत अशी की दाजींना तिकडचं अन्न मानवलं नाही, म्हणून त्यांना त्या प्रवासाची आठवण नको असते. मी ती समजूत राहू दिली. सोयीच्या समजुती राहू देणं हे माझं कामच आहे, आणि त्यात मी चांगलं नाव कमावलं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते धुळ्याकडचे, म्हणून त्यांच्याकडच्या रीतीने दाजी. आम्ही कोकणातले. वडील मास्तरकीच्या नोकरीवर सिल्वासात आले आणि सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. दाजी कारखान्यात नोकरीला म्हणून आले आणि आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. पुढचं ताईला विचारा.

माझा धंदा थोडक्यात सांगतो. तो थोडक्यातच सांगता येतो, लांबवतो आम्ही. परदेशी कंपनी एखाद्या देशात पैसा घालते. तिथलं सरकार तिचा परवाना काढून घेतं किंवा कारखान्याला टाळं ठोकतं. कंपनीला तिथल्या कोर्टात जायचं नसतं, कारण तिथे इतरांसारखं रांगेत उभं राहावं लागतं. मग दोन देशांनी कधीकाळी केलेला गुंतवणुकीचा करार ती शोधून काढते आणि थेट त्या देशावरच दावा लावते. तिथे न्यायाधीश नसतात, तीन लवाद असतात. एक कंपनीने नेमलेला, एक सरकारने, आणि तिसरा अध्यक्ष म्हणून दोघांना चालेलसा. ही माणसं आज एका खटल्यात निवाडा देतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या खटल्यात वकील म्हणून उभी राहतात. तेव्हा आज ज्यांच्यापुढे आपण वाकतो ते उद्या आपल्यापुढे वाकणार असतात. त्यामुळे सगळं फार सभ्यपणे चालतं. जगातल्या कुठल्याही गावच्या पाणीपुरवठ्याचं वाटोळं आम्ही आवाज न चढवता करू शकतो. परिषदांमध्ये आम्ही एकमेकांना बक्षिसं देतो. एकदा 'वर्षातला सर्वांत नावीन्यपूर्ण युक्तिवाद' असं एक मलाही मिळालं. काचेचं आहे. त्यात बायको रबरबँड ठेवते.

या मंडळींत मी सिल्वासाच्या जोरावर शिरलो. चौथीत आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या वडिलांनीच, सांगितलं होतं की या एवढ्याशा, पूर्वी पोर्तुगीजांकडे असलेल्या मुलखावरून पोर्तुगालने भारताला हेगच्या न्यायालयात खेचलं होतं. वर्गात एकाने विचारलं, "हेग म्हणजे वापीच्या पुढे का?" वडील हसले नव्हते. त्यांनी नकाशा काढून दाखवला होता. ही गोष्ट मी लंडन-जिनिव्हाच्या पार्ट्यांत इतक्यांदा विकली की तिच्यातले वडील हळूहळू गळाले. वापीवाला पोरगा मीच होतो असं मी सांगू लागलो. लोकांना ते आवडायचं. बघा, हा कुठून आला आणि कुठे पोचला. हातात ग्लास धरून ऐकणाऱ्यांना अशा गोष्टी लागतात. त्यांच्या ग्लासाला कारण मिळतं.

तर एकदा खटला आमच्या गावचाच आला. एका युरोपियन कंपनीचा रांधा गावाच्या हद्दीत धागा रंगवण्याचा कारखाना होता. रंगाचं पाणी साफ करून नदीपर्यंत न्यायला त्यांनी गावातून पाइप टाकला. पुढे पाण्याच्या तक्रारी झाल्या, वर अर्ज गेले, आणि प्रशासनाने एका सकाळी कारखान्याला टाळं ठोकलं. कंपनीने भारत सरकारवर दावा लावला आणि आमच्या लंडनच्या फर्मला वकीलपत्र दिलं. आमच्या मोठ्या वकिलांनी मला बोलावून विचारलं, "हे तुझंच गाव ना?" एखाद्या वेटरला त्याच्या गावच्या चटणीबद्दल विचारावं तसं.

आणि त्या कारखान्याचं बाहेरचं काम बघणारा माणूस म्हणजे आमचे दाजी.

बाहेरचं काम म्हणजे कचेऱ्या, पंचायत, वीज खातं, गाव. पाइपसाठी ज्यांच्या शेतातून जायचं त्यांची संमती दाजींनी मिळवली होती. रांध्यातले वारली त्यांना ओळखत होते. त्यांच्याशी ते त्यांच्याच बोलीत बोलायचे, धुळ्याचा हेल तसाच ठेवून, आणि लोक त्यावरून त्यांना हसायचे. ते पाड्यापाड्यावर गेले, ओट्यावर बसले. वास येईल, हेसुद्धा सांगितलं. दोन घरांनी साफ नाही म्हटलं. दाजींनी कारखान्यात येऊन सांगितलं, ही दोन शेतं सोडा. इंजिनियर चिडला. पण पाइप त्या दोन शेतांना वळसा घालून गेला. अजून तसाच आहे, कोपरात दुमडलेल्या हातासारखा.

सरकारच्या उत्तरात लिहून आलं की कंपनीच्या माणसाने गावाला दारू पाजून अंगठे घेतले. सिल्वासात दारूचा आरोप करायला डोकं लागत नाही. बाटली इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहे, म्हणजे दिली असणारच. ती ओळ कुणीतरी फोनवर फिरवली आणि रांध्यात पोचली. आता गंमत बघा. आपल्याला बाटली मिळाली नाही हे प्रत्येक पाड्याला पक्कं ठाऊक होतं. त्यावरून दाजींनी कुणालाच दिली नाही, असा निष्कर्ष निघायला हवा. निघाला असा की दुसऱ्या पाड्याला दिली आणि आम्हाला डावललं. खालचा पाडा वरच्यावर चिडला, वरचा खालच्यावर, आणि दोघं मिळून दाजींवर. बाजारात लोक विचारू लागले, "दाजी, आमच्या वाटणीची कुठाय?" दाजी आयुष्यात दारूला शिवलेले नाहीत. लग्नात नाचणाऱ्या मंडळींच्या बुटांवर लक्ष ठेवायला त्यांनाच बसवतात.

मी साक्षीबद्दल विचारलं तेव्हा ते एका शब्दात तयार झाले. कंपनीशी त्यांना काही घेणंदेणं उरलं नव्हतं. नोकरी गेलीच होती. "मला फक्त तेवढंच सांगायचंय," ते म्हणाले. "मोठ्या पंचांसमोर. बाटली नव्हती म्हणून. मग तिथून जे छापून येईल ते मी रांध्यात नेऊन दाखवतो."

"येईल ना छापून?" ताईने विचारलं.

"येईल," मी म्हणालो.

आता आमच्याकडची पद्धत. साक्षीदाराने आपली हकिगत आधी लेखी द्यायची असते, आपल्या शब्दांत. ते आपले शब्द वकील लिहितो. दाजी दोन संध्याकाळ बोलत होते, मी टिपत होतो, आणि मग लंडनला जाऊन मी त्यांच्या तोंडी असं इंग्रजी घातलं की जणू ते बिनसुरकुतीचा स्वच्छ शर्ट घालून जन्माला आले आहेत. दोन घरांनी नकार दिला आणि पाइप वळवला, ही हकिगत त्यांनी सर्वांत जास्त वेळ सांगितली होती. ती मी काढून टाकली. सगळ्या गावाने संमती दिली असा कंपनीचा दावा होता, त्यात दोन नकार कशाला. दाजींना वाचून दाखवताना मी त्या जागी जरा भरभर वाचलं.

"वळशाचं आलं का?" त्यांनी विचारलं.

"ते तोंडी विचारतील," मी म्हणालो.

कोण विचारणार होतं? दारूचा आरोप खोडायला त्या वळशाहून मोठा पुरावा नव्हता. दारू पाजून अंगठे घेणारा माणूस नकाराला वळसा कशाला घालेल? पण तो पुरावा दाजींच्या कामाचा होता, कंपनीच्या कामाचा नव्हता. आणि मी कंपनीचा वकील होतो.

शेवटी एक ठरावीक वाक्य असतं. दाव्यातल्या पक्षांशी किंवा त्यांच्या वकिलांशी माझं कोणतंही नातं नाही. ते आमच्या नमुन्यातच होतं. मी ते पाहिलं. काढायचं तर मोठ्या वकिलांना सांगावं लागलं असतं की हा माझा मेहुणा आहे, आणि मग मला खटल्यातून बाजूला केलं असतं. ते मला नको होतं, कारण त्या खटल्यात मी पहिल्यांदा उभा राहून बोलणार होतो. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की हे माझ्या गावचे ओळखीचे आहेत. "छान, स्थानिक रंग," ते म्हणाले होते. मी वाक्य राहू दिलं आणि दाजींनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

सुनावणी सिंगापूरला होती. आमच्या धंद्याला अशी गावं आवडतात, जिथे वादी-प्रतिवादी दोघांपैकी कुणीच राहत नाही. दाजी नवीन सफारी शिवून आले. बॅगेत ताईने माझ्यासाठी दिलेला डबा होता, दराब्याचे लाडू भरलेला. स्टीलचा, झाकणावर तिचं नाव कोरलेलं, तिच्या लग्नातला.

दाजींची उलटतपासणी शुक्रवारी दुपारी सुरू झाली आणि संपली नाही. अध्यक्षांना विमान गाठायचं होतं. पुढची सोमवारी. जाता जाता त्यांनी दाजींना बजावलं आणि दुभाषी बाईंनी मराठीत सांगितलं, "तुमची साक्ष चालू असेपर्यंत साक्षीविषयी कुणाशीही बोलायचं नाही." दाजींनी मान हलवली. त्यांना बरोबर कळलं होतं.

या स्थितीला गोरे वकील चक्क पर्दा म्हणतात. साक्षीदार पर्द्यात गेला. नियम एवढाच आहे की साक्षीवर चर्चा नको. पण आमच्यातले सावध लोक तो ताणतात. साक्षीदार दिसला की रस्ता बदलायचा, जेवायला त्याच्याजवळ बसायचं नाही, लिफ्टमध्ये तो असेल तर पुढच्या लिफ्टने जायचं. म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. मी सावधांतला सावध. आणि सोबतीला मला एक गोष्ट अशी माहीत होती जी दुसऱ्या कुणाला माहीत नव्हती.

शनिवारी सकाळी दाजी नाश्त्याच्या हॉलमध्ये आले. सफारीच घातली होती. बशीत टरबुजाची फोड आणि टोस्ट घेऊन ते आमच्या टेबलाकडे येऊ लागले. आमच्या ज्युनियर पोरांनी, चांगल्या घरची सुशिक्षित पोरं, आपापल्या बशा उचलल्या आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मोठे वकीलही उठले. मीही उठलो. दाजी बशी हातात धरून मध्येच उभे राहिले. मी कॉफीच्या मशिनपाशी पाठ करून उभा होतो आणि त्या मशिनच्या चकचकीत पत्र्यात मला ते दिसत होते.

माणसाला वाळीत टाकतात म्हणजे काय करतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. पंचतारांकित हॉटेलात ते फार सफाईने होतं. खुर्चीचा आवाजसुद्धा होत नाही.

दुपारी माझ्या खोलीचं दार वाजलं. मी दाराच्या भिंगातून पाहिलं. दाजी होते, हातात डबा. भिंगात माणूस फुगीर दिसतो, नाक मोठं, हातपाय लहान. त्यांनी पुन्हा वाजवलं.

"अरे, मी आहे," ते म्हणाले. "साक्षीचं काही बोलत नाही. तुझ्या ताईने लाडू दिलेत. दोन खाऊ, चहा घेऊ, मी जातो."

मी दाराच्या आत उभा होतो, अनवाणी. श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

"झोपलास का?"

मग जरा वेळाने, माझ्याशी नव्हे, दाराशी बोलल्यासारखं, "माझं काही चुकलं का रे काल?"

ते उत्तर द्यायला साक्षीवर बोलावं लागत नव्हतं. नाही, दाजी, तुमचं काही चुकलं नाही. एवढंच. कुठल्याही देशाच्या कुठल्याही नियमात ते बसलं असतं. मी दार उघडलं नाही. हे मी नियमासाठी केलं असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं की बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आमची पोरं ये-जा करत होती, आणि सफारीतला, डबा घेतलेला, मला अरे म्हणणारा तो माणूस माझा कोण, हे त्यांना कळायला नको होतं. नियम नसता तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

डबा दाराशी ठेवून ते गेले. मी तो नंतर आत घेऊ म्हटलं. संध्याकाळी पाहिलं तर सफाईवाल्यांनी उचलला होता. विचारायला गेलो नाही.

रविवारभर ते काय करत होते ते मला पुढे ताईकडून कळलं. देवळात जाऊन बसले होते. तिचा फोन आला तर फक्त "जेवलो" म्हणायचे. साक्षीचं बोलायचं नाही, आणि डोक्यात दुसरं काही नाही, मग बोलणार काय?

सोमवारी सरकारी बाजूच्या वकिलाने सुरुवातीलाच तो ठरावीक प्रश्न विचारला, जो सगळेच विचारतात आणि ज्याचं उत्तर सगळेच 'नाही' असं देतात. या दोन दिवसांत तुम्ही साक्षीबद्दल कुणाशी बोललात का?

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग दुभाषी बाईंकडे.

"कोण बोलणार?" ते म्हणाले. "माझा सख्खा मेहुणा इथे बसलाय. त्याने दार उघडलं नाही."

बाईंनी भाषांतर केलं. त्या चांगल्या दुभाषी होत्या, काही सोडलं नाही.

खोलीत जी शांतता झाली तिचा मला अजून राग येतो, कारण तीसुद्धा सभ्य होती. समोरच्या वकिलाने चष्मा काढून पुसला. तो माझ्या ओळखीचा होता, आम्ही एकत्र दारू प्यायलेले होतो. त्याने दाजींना हळुवारपणे विचारलं, "तुमचे मेहुणे म्हणजे कोण?" दाजींनी बोट दाखवलं. मग त्याने लेखी जबानीतलं शेवटचं वाक्य पडद्यावर आणलं. "हे कुणी लिहिलं?"

"त्यानेच," दाजी म्हणाले. "शिकलेला आहे तो. बरोबरच लिहिलं असेल."

आपण माझी बाजू घेतोय असं त्यांना वाटत होतं.

त्यांना शेजारच्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं. मग वकिलांचं आपसात चाललं. शेवटी समोरचा म्हणाला, मला या साक्षीदाराला आणखी काही विचारायचं नाही. आमचे मोठे वकील म्हणाले, आम्हालाही नाही. अध्यक्षांनी दुसरा साक्षीदार बोलावला. साक्ष संपली की अध्यक्ष साक्षीदाराचे आभार मानतात आणि सांगतात, तुम्ही मोकळे आहात. ते सांगायला दाजी समोर नव्हते. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या एका मुलीने जाऊन त्यांना सँडविच दिलं आणि म्हणाली, तुम्ही गेलात तरी चालेल.

बाटली नव्हती, हे त्यांना कुणी विचारलंच नाही. वळसाही नाही.

मला त्या सुनावणीत बोलायला मिळालं नाही, हीच माझी शिक्षा. फर्मने चौकशी केली. तिच्यातून नातेसंबंध जाहीर करण्याविषयी एक प्रशिक्षण निघालं, आणि ते घ्यायला मलाच उभं केलं, कारण म्हणे माझ्या बोलण्यात अनुभव जाणवेल. पुढे बढती झाली. आमच्या धंद्यात बदनामी टिकत नाही. ती टिकायला आधी लाज असलेली चार माणसं लागतात.

निवाडा आला. कंपनी जिंकली, आणि कशावर, तर टाळं ठोकण्याआधी पुरेशी नोटीस दिली नव्हती यावर. गावाच्या संमतीचा प्रश्न तपासायची गरजच नाही, असं तिघांनी एकमताने म्हटलं. म्हणजे दाजींना नेलं नसतं तरी चाललं असतं. दाजी आले ते एका तळटीपेत, बारीक अक्षरात. साक्षीदार दावेदाराच्या वकिलाचा जवळचा नातेवाईक असल्याने त्याच्या कथनाला लवाद वजन देत नाही.

दाजींनी विचारलं होतं, "छापून आलं का?" मी ती तळटीप त्यांना वाचून दाखवली. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तो हात वर केला.

ताई मात्र अधूनमधून विचारते, "अरे, तो माझा डबा?" मी सांगतो, बघतो. दाजी त्या वेळी खिडकीतून बाहेर बघतात.

गेल्या थंडीत भाचीचं लग्न ठरलं. मी आठवडाभर आधी आलो. दाजी रांध्याला पत्रिका द्यायला निघाले होते. ताई म्हणाली, "तिथे कशाला? जिवाला लागेल असं बोलतात ते." दाजी म्हणाले, "आपल्या कामाला राबलेत ते. बोलावणं तर जायला हवं." मी स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो, मांडीवर पत्रिकांची आणि अक्षतांची पिशवी.

खालच्या पाड्याच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथून पाइपचा वळसा दिसतो. कारखाना बंद पडला तरी पाइप तसाच आहे, त्यावर कपडे वाळत घातले होते. टपरीवर पाच-सहा जण होते. दाजींनी पत्रिका दिल्या. एकाने, कंपनीचा जुना निळा शर्ट घातलेल्या, पत्रिका उलटीपालटी केली.

"दाजी, लग्नात तरी बाटली भेटेल ना?"

"जेवायला या," दाजी म्हणाले. "शेवभाजी आहे, जिलेबी आहे."

"ते तर येऊच. पण वरच्या पाड्याला दिली ती आमची राहिली, त्याचं काय?"

"वरचे म्हणतात तुम्हाला दिली."

"ते तर असंच म्हणणार."

सगळे हसले. दाजीही हसल्यासारखे झाले. मी स्कूटरवरून उतरलो. मला माझा आवाज ऐकू आला, आणि तो चक्क मराठीत होता.

"कुणालाच दिली नव्हती," मी म्हणालो. "तो पाइप बघा. दोन जणांनी नाही म्हटलं, म्हणून ह्यांनी तो वळवला. दारू पाजली असती तर वळवला असता का? हे कागदावर यायला हवं होतं, आणि ते मी काढून टाकलं. ह्यांनी सांगितलं होतं, मी काढलं."

निळा शर्टवाला म्हणाला, "वाकडा तर इंजिनियरच्या चुकीने झाला ना?"

"नाही. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना विचारा."

"त्यातला एक वारला. दुसरा पोराकडे गेला वापीला." मग बाकड्यावरचा म्हातारा, जो इतका वेळ बशीतला चहा फुंकत होता, त्याने विचारलं, "तुम्ही कोण?"

"वकील."

"कंपनीचे?"

"तेव्हा होतो."

"नी दाजींचे कोण लागता?"

खोटं बोलायला इथे काहीच अडत नव्हतं. पडद्यावर आणायला कुणी बसलं नव्हतं. "मेहुणा," मी म्हणालो. "ह्यांच्या घरातली माझी सख्खी बहीण."

"सालो थाय," म्हातारा बाकीच्यांना गुजरातीत म्हणाला आणि बशी खाली ठेवली. "तो तो एम ज बोले ने."

मंडळी खदखदून हसली. त्यात वाईटपणा काही नव्हता. मेहुणा मेहुण्याच्या बाजूने बोलणार, त्याचं काय मनावर घ्यायचं? तिघा विद्वानांना हेच ठरवायला फार पानं लागली होती. कुणीतरी मला चहा दिला. निळ्या शर्टाने पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "येतो दाजी. पण बाटलीचं बघा."

"जेवायला या," दाजी पुन्हा म्हणाले.

मी चहा संपवून मागे बसलो. दाजींनी किक मारली. स्कूटर सुरू व्हायला वेळ घेते, त्यांनी पुन्हा मारली. मान न वळवता ते म्हणाले, "साक्षीत असताना बोलायचं नसतं, वकीलसाहेब. तिकडे सांगितलं होतं ना?"

वरचा पाडा अजून राहिला होता. मी पिशवी पुढे घेतली.